दादाच्या पायासाठी चिंचवडला

निघोज्याहून निघालो तवा वहिनीनं दशमी (दुधात मळलेली भाकरी) बांधून दिली. इंद्रायणीत मांडीएवढं पाणी हुतं. धोतर डोक्याला गुंडाळून उतरलो, तर पलीकडं मोशीच्या बाया धुणं धूत हुत्या. त्या हसल्या. मी तिथंच बसून दशमी संपवली. भाऊ मरायला टेकलेला आणि मला भूक. असला मी.

थोरल्या किसनदादाच्या पायावर कुऱ्हाड बसली हुती. पाय घोट्यापत्तूर काळा पडला. पुण्याचा डाक्टर म्हणाला, गुडघ्याखाली कापा, न्हाईतर माणूस जाईल. दादा म्हणाला, "देव सांगंल तवा कापू."

आदल्या चातुर्मासात चिंचवडच्या पुराणिकबुवांनी आमच्या देवळात पोथी वाचली. तिच्यात देव भक्ताच्या कानाशी येऊन बोलतो. दादा त्याचीच वाट बघत पडलेला. मी म्हणालो, "त्याच पोथीत पुढं देव म्हणतो, मला तोंड न्हाई, मी कुणाशी बोलत न्हाई."

"नाम्या, तू घोरत हुतास."

ते खरंच हुतं. नेमकं त्या जागेला शेजाऱ्यानं कोपर मारलं म्हणून कानावर आलं. माझी साक्ष कोण मानणार? म्हणून बुवांनाच आणायला निघालो.

पिंपरीला माळावर औषधाचा कारखाना उभा राहत हुता. राखणदाराला हात जोडले. "राव, काळ्या पडलेल्या पायाचं औषध द्या की."

"भाऊ, अजून भिंतीच हायेत. वीट पायजे तर ने."

चिंचवडला बुवांचं पारायण (पोथीचं रोज थोडं करून काही दिवस चालणारं वाचन) चाललेलं. ते मधी मोडत न्हाईत, मोडलं तर अशुभ. त्या दिवसाचं वाचन उरकेपत्तूर मी खांबामागं बसलो. प्रसादाचा भात वाढला, तो मातूर तसाच पानावर ठेवला.

बुवांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोन्ही गोष्टी आहेत पोथीत."

"मग खरी कुठली?"

"सगळे प्रयत्न करून जो थकला, त्याच्या कानाशी देव आला. दुसरा हातपाय न हलवता ऐकत बसला होता. त्याला देव म्हणाला, मला तोंड नाही."

"एवढंच दादाला सांगा की, बुवा."

बुवांनी पोथी मिटली. मग ती फडक्यात बांधली, यजमानाची माफी मागितली आणि वहाणा घातल्या.

वाटंत मी विनवलं, "दादानं विचारलं तर पारायण झालं म्हणा." बुवा पोथी काखेत धरून पुढं चालत राहिले.

घराच्या अंगणातच पायाचा वास येत हुता. बुवांनी उशाशी बसून दोन्ही जागा वाचल्या, अर्थ सांगितला. दादा डोळे मिटून ऐकत हुता. शेवटी म्हणाला, "पटतंय, बुवा." वहिनी गाडी जुंपायला सांगायला उठली.

"चिंचवडचं पारायण झालं व्हय?" दादानं विचारलं.

मी मोठ्यानं खोकलो. बुवांनी माझ्याकडं बघितलं.

"नाही. अर्धं ठेवून आलो."

दादानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "माझ्यापायी पोथी मोडली. ह्याच्यापरीस देवानं आणिक काय बोलायचं?"

बुवांनी हात जोडले, वहिनीनं पाय धरले. मी डोकं आपटून घेतलं. दादानं पाय कापू दिला न्हाई.

बुवांना पोचवायला मी पुन्हा चिंचवडला गेलो. त्यांनी पहिल्या अध्यायापासून नव्यानं वाचायला घेतलं. परत येताना नदीच्या अलीकडनंच दिसलं, पलीकडं आमच्या गावची माणसं लाकडं रचत हुती. मी पाण्यात तसाच उभा राहिलो.

आता गाव म्हणतं, किसनाला देवानं आधी कळवलं हुतं. वहिनी कधीमधी विचारते, "भावजी, देवच बोलला ना त्यांच्यासंगं?"

मी व्हय म्हणतो. न्हाई म्हणालो, तर दादा कुणाच्या बोलण्यावर गेला ते तोंडानं कबूल करावं लागंल. आणि बुवांना घरात मी आणलं हुतं.