‘काय दिसतं’ मास्तरांचा तास

आम्ही हिंगोलीच्या शाळेतले जुने मित्र एकत्र बसलो, की पहिल्या चहाला पीकपाण्याच्या गप्पा होतात. दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतंच, "ते ड्रॉइंग मास्तर आठवतात का रे?" झालं! मग तिसरा चहा कुणी सांगितला ते कळतसुद्धा नाही. हे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. घरात किल्ली हरवलेली कुलपं साठत जातात, तसे ते आपोआप साठले.

त्यातला एक माझ्या घरचा आहे. त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं, गोदाक्काचं, लग्न एका फोटोवर येऊन थांबलं होतं आणि तो फोटो मास्तरांच्या वर्गात फिरून आला होता. मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं, इतकी मला अक्काची काळजी. पण तो किस्सा शेवटी. आधी तास कसला होता ते ऐका.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. बाजारात साधा कागद मिळेना, तिथं ड्रॉइंगचा कुठला? मास्तर नवेच आलेले, पुण्याकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्याला एक फोटो टांगला आणि म्हणाले, "काढायला कागद नाही. तर मग आपण नुसतं पाहू. काय दिसतं?"

निजामाची शाळा, शिक्षण उर्दूत. सवाल आला की पाठ केलेला जवाब द्यायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. शेवटी जवळा बाजार गावचा दिगू उभा राहिला. म्हणाला, "सर, तुमीच सांगा. आमी पाठ करून टाकतो."

मास्तर म्हणाले, "मला दिसतं ते माझं. तुझं मी कसं सांगू?"

फोटोत एक म्हातारी दारात रिकामं पातेलं घेऊन उभी होती. एक पोरगा म्हणाला, "ती उपाशी हाय." दिगू म्हणाला, "न्हाई, जेवली. पातेलं घासायला निघाली. उपाशी माणूस दाराला असं टेकत न्हाई." मास्तरांनी दोघांनाही पैकीच्या पैकी मार्क दिले.

ही बातमी हेडमास्तरांच्या कानावर गेली. हेडमास्तर सज्जन, पण नियमाचे पक्के. त्यांनी मास्तरांना बोलावून विचारलं, "सही जवाब कौनसा है?"

"दोनों, जनाब."

हेडमास्तरांनी मार्कांची वही उघडली. मग काळजीनं म्हणाले, "दोनों सही? तो फिर फेल किसको करेंगे?"

*

एकदा मास्तर आम्हाला औंढ्याला देवळात घेऊन गेले. आम्ही सगळे लहानपणापासून तिथं जाणारे. पण आमचं जाणं म्हणजे काय? घंटा वाजवायची, बेल वाहायचा, प्रसाद घ्यायचा आणि निघायचं. भिंतीवर इतकी माणसं कोरलीत, त्यांच्याकडं कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं.

मास्तरांचा हुकूम असा, की प्रत्येकानं एक मूर्ती निवडायची आणि बोलावल्याशिवाय तिच्यासमोरून हलायचं नाही. मी एक बाई निवडली. तिचा एक हात कोपरापासून तुटलेला. त्या हातात काय असेल, यावर पुढं वर्गात भांडण झालं. कुणी आरसा म्हणालं, कुणी फूल. मी म्हणालो, "लेकरू असंल. तिची मान तशी वाकलीय." मास्तरांनी विचारलं, "तुला असं का वाटलं?" मी म्हणालो, "आमची अक्का मला घेऊन अशीच उभी राहायची." वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. मला फार बरं वाटलं.

पण किस्सा दिगूचा. तो एका दगडी हत्तीसमोर मांडी घालून बसला तो बसलाच. डोळेसुद्धा मिटेना. दर्शनाला आलेल्या एका म्हातारीनं त्याला येताना पाहिलं, जाताना पाहिलं. तिला वाटलं, पोरानं काहीतरी कडक नवस धरलाय. तिनं त्याच्यासमोर दोन केळी ठेवली आणि चक्क पायांवर डोकं टेकवलं.

दिगूला हलायची परवानगी नव्हती. त्यानं फक्त हात वर केला आणि म्हणाला, "बराबर होईल सगळं, आजी."

केळी आम्ही येताना वाटून खाल्ली.

*

मग शाळेचा ग्रुप फोटो निघाला. फोटोवाला परभणीहून आलेला. तो काळ्या कपड्यात डोकं घालायचा, बाहेर यायचा आणि ओरडायचा, "हलू नका, श्वास घेऊ नका!" आम्ही सगळे लाकडासारखे बसलो. नेमका तेव्हाच मागच्या रस्त्यावर बैल उधळला आणि दिगूनं वळून पाहिलं. फोटो धुऊन आला, तर दिगूला दोन तोंडं! एक हेडमास्तरांकडं पाहणारं, एक बैलाकडं.

हेडमास्तर फार नाराज झाले. मास्तरांनी मात्र तोच फोटो मागून घेतला आणि दिगूच्या घरी पाठवला, घरच्यांना काय दिसतं ते विचारून ये म्हणाले. दुसऱ्या सोमवारी दिगू आईचा जवाब घेऊन आला.

"माय म्हणली, बाकीची पोरं काहून मेल्यावानी बसलीत? आमचा दिगूच तेवढा जित्ता दिसून राहिला."

*

आता अक्काचा फोटो.

आमचं गाव जवळा बाजारपासून जवळच; शाळेसाठी मी हिंगोलीत राहायचो. आमच्या मामानं अक्कासाठी स्थळ आणलं. मुलगा नांदेडकडं कापसाच्या जिनात कारकून. हंगामात रजा मिळेना, म्हणून त्याच्या घरून फोटो आला. आमच्या गावात नवऱ्या मुलाचा फोटो येण्याची ही पहिलीच वेळ! बाबांनी तो धोतराच्या घडीत नीट बांधून आठवडी बाजारात नेला. आडत्यानं पाहिला, शिंप्यानं पाहिला, बैल विकायला आलेल्या पाहुण्यांनी पाहिला. सगळे म्हणाले, झकास. अर्ध्या बाजारानं पाहिला, आणि अक्कानं पाहिला नव्हता. मुलीनं फोटो मागणं म्हणजे काय बोलणं झालं का? तशी रीतच नव्हती.

बाबांनी तो माझ्याकडं दिला. म्हणाले, "तुझ्या मास्तराला दाखव. शिकलेला माणूस काय म्हणतो ते पाहू. मग होकार धाडतो."

मास्तरांनी फोटो फळ्याला टांगला. "काय दिसतं?"

एव्हाना आमचा वर्ग भलताच तयार झाला होता. मुलगा खुर्चीत बसलेला. मागं पडद्यावर रंगवलेला महाल. एकजण म्हणाला, "कोट उसना हाय, बाह्या बोटांवर येऊन राहिल्या." दुसरा म्हणाला, "बूट फोटोवाल्याचे." दिगू म्हणाला, "माणूस गरीब हाय, पण लबाड न्हाई. लबाड माणूस फोटोवाल्याकडं पाहून हसला असता." खुर्चीच्या पाठीवरच्या नक्षीवरही बोलणं झालं. औंढ्याहून आल्यापासून आम्हाला जिकडंतिकडं कोरीवकाम दिसत होतं. मास्तरसुद्धा म्हणाले, "नक्षी नाजूक आहे."

मग त्यांनी मला विचारलं, "तुझ्या बहिणीला काय दिसलं?"

"तिला दाखवला न्हाई, सर."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी फोटो काढून माझ्या हातात दिला. "मग आपण कशाला पाहत बसलोय? जा, तिला दाखव."

शनिवारी मी घरी गेलो. अक्का परसात शेंगा फोडत होती. मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं आधी हात पुसले. मग फोटो उचलला आणि इतका वेळ पाहत राहिली, की मला वाटलं हिला पसंत पडला.

ती म्हणाली, "ही बोटं कोणाची रे?"

"कोणती बोटं?"

"खुर्चीवरची."

मी पाहिलं. खुर्चीच्या पाठीवरची नाजूक नक्षी म्हणजे चार बोटं होती. बाईची. एका बोटात अंगठी. बोटांच्या पुढं फोटोच संपत होता. इतर तिन्ही बाजूंना पांढरी किनार होती, त्या बाजूला नव्हती. कुणीतरी कात्री चालवली होती.

बाबांनी मामाला बोलावून घेतलं. मामा आधी इकडचं तिकडचं बोलला, मग कबूल झाला. मुलगा बिजवर होता. पहिली बायको बाळंतपणात गेली होती. मुलाच्या आईनं तिला फोटोतून कापून काढलं होतं. मामा म्हणाला, "बिजवर म्हणलं असतं तर तुमी ऐकूनच घेतलं नसतं, दाजी."

बाबा संतापले. "मोडलं म्हणून सांग त्यांना. आमची लेक काय रस्त्यावर पडलीय?"

तेव्हा आतून अक्का बोलली. "मोडू नका आताच. उरलेला फोटो मागवा."

"काहून?" बाबा म्हणाले.

"मला पाहायचाय."

सगळे चकित झाले. आई तर घाबरलीच. मेलेल्या सवतीचा फोटो मागणारी मुलगी तिनं कुठं पाहिली असणार? पण अक्का पुढं एक शब्द बोलली नाही आणि मागंही हटली नाही. मी रोज विचार करायचो, तो तुकडा त्या घरात कुणी जपला असेल का? चुलीत गेला असेल तर अक्का काय म्हणेल? मला काहीच अंदाज येत नव्हता.

फोटो टपालानं आला नाही. हंगाम सरल्यावर मुलगा स्वतः आला. एकटाच, उन्हात बाजारापासून चालत. अंगात कोट नव्हता, साधा सदरा. फोटोपेक्षा काळा आणि वाळलेला. ओसरीवर बसला. बाबा त्याच्याशी बोलेनात. त्यानं खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि आतला तुकडा बाबांपुढं धरला. बाबांनी हात पुढं केला नाही. मग मीच तो घेतला आणि दाराआड उभ्या असलेल्या अक्काला नेऊन दिला.

तुकड्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी होती. कपाळावर मोठं कुंकू, एक हात खुर्चीकडं गेलेला आणि तिथंच तुटलेला. तुकड्याचे कोपरे हाताळून मऊ पडले होते.

अक्का बाहेर आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. डोक्यावरचा पदर नीट करून ती त्या माणसासमोर उभी राहिली.

"यांचं नाव काय होतं?"

आमच्याकडं वडीलधाऱ्यांसमोर नवरा बायकोचं नाव घेत नसे. घरातली म्हणायचं, पोरांची माय म्हणायचं. मामा मध्ये पडला, "जाऊ द्या ना, ते काहून आता…"

मुलगा मान खाली घालून बसला होता. त्यानं मान वर केली. मग तो म्हणाला, "यमुना."

अक्कानं तो तुकडा त्याला परत दिला आणि बाबांकडं वळली.

"पाव्हण्यांच्या आईला कळवा," ती म्हणाली, "मुलगा आमाला पसंत हाय."