बर्फाखालचे ताईचे घर

हवामानाच्या आकडेवारीवर माझा चरितार्थ चालतो, आणि खरे सांगायचे तर माझी श्रद्धाही तिच्यावरच होती. नागपुरात बसून मी उपग्रहाच्या चित्रांवरून जगभरातल्या बर्फाची खोली मोजते. त्या हिवाळ्यात उत्तर जपानमध्ये घरे खिडक्यांपर्यंत बुजली, काश्मीरचे रस्ते बंद झाले, अमेरिकेच्या ईशान्येला वादळामागून वादळ आले. अभ्यासासाठी अशी संधी क्वचित मिळते, म्हणून मी मनातून खूशच होते. मग त्यातले एक वादळ तिथेच राहणाऱ्या माझ्या ताईच्या गावाकडे वळले.

ताई चार महिन्यांच्या बाळासह तिथे एकटी होती. भावजी कामासाठी परगावी गेले होते आणि तिकडेच अडकले. मी फोनवरून तिला सूचना दिल्या. छपरावर किती भार येईल ते गणित करून सांगितले. दारे-खिडक्यांच्या फटी कापडाने घट्ट बुजव, वादळ सुरू झाले की बाहेर पाऊल टाकू नकोस, असे बजावले. त्याच फोनवर आईने तिला संक्रांतीच्या वाणाची आठवण करून दिली. वाणातले एक अनोळखी घरी द्यायचे, ही आमच्याकडची रीत. समोर कोण राहते हे ताईला अजून ठाऊक नव्हते, तेव्हा तिथेच देऊन ये, असे आईचे म्हणणे. मी चिडले.

"तिकडे वादळ येऊन राहिलं आई, अन् तुले तिळगुळाची पडली."

"आलं तर नाही ना अजून? मंग तवर जाऊन येईल ते," आई म्हणाली.

वादळ आले आणि ताईचा फोन बंद पडला. दोन दिवस मी चित्रे चाळत राहिले. त्यांत ढगांशिवाय काही नव्हते. तिथल्या मदतकेंद्राने सांगितले की त्या रस्त्यावर गाडी पोहोचू शकत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे हळदी-कुंकू होते. मी ते रद्द करायला सांगितले. बोलावलेल्या बायांना दारातून परत पाठवणे आईला मान्य नव्हते. शेजारच्या काकूंनी कुंकू लावताना माझा हात धरला. "काहून एवढी सुकून गेली वं? जेवली का काही?"

तिळगुळाचे ताट आणायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच थबकले. ताईच्या घराच्या हीटरचा धूर भिंतीतल्या एका नळीतून बाहेर जातो. ती नळी जमिनीपासून गुडघाभर उंचीवर आहे, आणि माझ्याच आकड्यांप्रमाणे बर्फ कमरेच्या वर होता. नळी बुजली असेल तर विषारी वायू घरातच कोंडणार. उरलेल्या फटी बुजवायला मीच सांगितले होते.

मदतकेंद्राला पुन्हा फोन केला, उत्तर तेच. मग देवघरात जाऊन बसले. कॉलेजपासून मी तिथे हात जोडले नव्हते. देवीकडे काही मागायचे धाडस झाले नाही. एवढेच म्हटले, की माझे गणित संपले, मीच तिला कोंडले, आता तू बघ. मन शांत वगैरे झाले नाही. उठले आणि उरलेल्या बायांना वाण दिले.

बाया निघायच्या आत ताईचा फोन आला; तिकडची लाइन नुकतीच सुरू झाली होती. तिकडे अजून उजाडायचे होते. तिचे डोके आदल्या दिवसापासून ठणकत होते आणि बाळ दुधासाठीही जागे होत नव्हते. तिला ते थंडीमुळे वाटले. आदल्या संध्याकाळी, अंधार पडायच्या सुमारास, खिडकीवर थापा पडल्या. समोरची म्हातारी फावडे घेऊन उभी होती. बाकी प्रत्येक घराच्या मोकळ्या केलेल्या नळीतून वाफ निघत होती, ताईच्या घरातून नव्हती. ते घर रिकामेच आहे असे ती कित्येक महिने समजत होती. वादळाआधी ताई बाळाला घेऊन वाण द्यायला गेली, तेव्हा तिला कळले की इथे कोणी राहते. त्या संध्याकाळी म्हातारीने आधी खिडक्या उघडायला लावल्या, नळी मोकळी केली आणि दोघांना आपल्या घरी नेले.

यातली एकही कडी अशक्य नाही, हे मी जाणते. पण एकही कडी माझी नव्हती. मी आजही बर्फ मोजते, आणि सूचना देताना त्या नळीचे सर्वांत आधी सांगते. एवढे करून झाले की हात जोडते. आपल्या हिशेबापलीकडेही आपल्या माणसांना कोणी सांभाळत असते, हे कबूल करण्यात मला आता कमीपणा वाटत नाही. त्या अनोळखी बाईचे ऋण मी देवीपाशीच मानते.

त्या फोनवर बाळ भुकेने रडत होते. ताई त्याला गप्प करू लागली, तेव्हा आईने तिला थांबवले.

"रडू दे वं त्याले थोडं," ती म्हणाली. "ऐकू दे आमाले."