सोमवारचे दुखणे

मालतीबाईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या वेल्ह्यात स्वतःच्याच दवाखान्यात, पेशंटच्या बाकावर बसल्या होत्या. मी नवा डॉक्टर, गळ्यात नवा स्टेथोस्कोप. समोर दिसल्या म्हणून विचारले, "आजी, कुठे दुखतंय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "कुठंच नाही. पण आधी झोप कशी लागते ते विचारत जा." बाकावरची मंडळी हसू लागली आणि ज्यांच्या हाताखाली काम करायला आलो त्या डॉक्टरबाई याच, हे मला कळले. त्याला बारा वर्षे झाली. आज बाई पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत, तर माझी एक चूक कबूल करूनच लिहितो.

बाईंच्या केसपेपरवर रक्तदाबाच्याही वर झोपेचा रकाना असतो. म्हाताऱ्या माणसाला त्या विचारतात, कुठे झोपता, अंगाखाली काय असते, किती वेळा जाग येते. बाहेर माणसे ताटकळत असताना मला या नसत्या चौकश्या वाटत. मी रकान्यात 'ठीक' लिहून मोकळा होई.

राजगडाखालच्या पालीच्या हौसाआजी गुडघेदुखीसाठी माझ्याकडे येत. दुखणे वाढत गेले, तशा मी गोळ्या वाढवल्या. आजींनी भाताच्या खाचरात जाणे सोडले, मग देवळात जाणेही सोडले. तब्येत विचारली की म्हणत, "आता कसली तब्येत? माजं सरलं." उत्रोलीच्या लेकीला त्यांनी शेवटचे भेटून जा असा निरोपही धाडला. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि कागद घेऊन बाईंकडे गेलो.

बाईंनी फक्त तारखा पाहिल्या आणि विचारले, या दर वेळी सोमवारीच येतात, हे पाहिलंत का? मी पाहिले नव्हते. दुसऱ्याच दिवशी बाई मला घेऊन टेम्पोने पालीला गेल्या. सुनेने चहा टाकला आणि बोलता बोलता उलगडा झाला. शनिवार-रविवारी गडावर जाणारे लोक त्यांच्याकडे मुक्कामाला असत. पाहुण्याला खाट द्यायची ही घरची रीत, म्हणून आजी आपली खोली सोडून स्वयंपाकघराच्या फरशीवर आडव्या होत. पाहुणे पहाटे निघत, त्यांचा चहाही हौसेने आजीच करत. त्यांच्यावर कोणी काही लादले नव्हते.

"पाव्हण्याला भुईवर कसं निजवायचं?" आजी म्हणाल्या. "आन् हे काय डाक्टरला सांगायचं दुखणं व्हय?"

बाईंच्या जागी मी असतो तर आजींच्या मुलाला झापले असते. बाईंनी केसपेपर काढून औषधांच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहिले, 'स्वतःच्या खाटेवर झोप, शनिवार-रविवारसुद्धा.' मग मुलाला समजावले की झोप मोडली की तेच दुखणे जास्त जाणवते, आणि जास्त दुखले की झोप पुन्हा मोडते. आजी कोणाचे ऐकणाऱ्यातल्या नव्हेत, पण डॉक्टरच्या कागदापुढे त्यांचे काही चालले नाही. मुलाने पाहुण्यांची सोय पडवीत केली आणि पहाटेचा चहा स्वतः करू लागला.

झिजलेले गुडघे झिजलेलेच राहिले. पण दोनेक महिन्यांत गोळ्या निम्म्यावर आल्या आणि आजी एका गुरुवारी, लेकीला सोबत घेऊन, चालत आत आल्या. म्हणाल्या, "गुडघं हायेत तसंच. पन मी बरी हाय." मला रडू फुटायचेच बाकी होते. बाईंनी माझी ती चूक आजवर कोणाला सांगितली नाही.

माझी मुलगी जन्मली तेव्हा महिनाभर रात्रीचे पेशंट बाईंनी स्वतः पाहिले. डॉक्टरलाही झोप लागते म्हणाल्या. स्वतःच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार. अजूनही अपरात्री वाजणारा फोन त्याच उचलतात.

समारंभाचे आमंत्रण द्यायला मागच्या आठवड्यात पालीला गेलो होतो. हौसाआजी अंगणात वाल निवडत होत्या. बाईंसाठी काय लिहू, असे विचारले. "लिवा, लई वर्सं जगा," त्या म्हणाल्या. "पन नुसतं जागून न्हाई, निजून-उठून जगा."

बाई, आजींचा आशीर्वाद जसाच्या तसा पोचवला आहे. प्रकृती अशीच ठणठणीत राहो, शंभरी आम्हां सर्वांच्या देखत साजरी होवो. आणि आज रात्रीपासून तुमचा मोबाईल माझ्या उशाशी राहील.