सून पळाली

साजगावच्या अंगाला कारखाना आला आणि आमच्या माणसांना नोकऱ्या लागल्या, इथपर्यंत ठीक होतं. पण मग कारखान्याला वाटलं, आपल्या लोकांनी व्यायामही करावा. म्हणून भातं झोडून शेतं मोकळी झाली की दरवर्षी एका शेतात खेळ ठेवायचे. दोन बांबूंना कापड बांधून त्यावर लिहायचे, ‘कौटुंबिक क्रीडामेळा’. माझा नवरा तिथे कामाला होता, म्हणून आम्हीही त्या कुटुंबात मोडायचो.

हे सगळं चालवणारा एक साहेब होता. कामगारांचं कल्याण बघणं हे त्याचं काम, म्हणून आम्ही त्याला कल्याणसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, मुंबईहून आला होता एवढंच. पहिल्याच वर्षी त्याने आम्हा बायकांना समोर बसवून भाषण केलं. स्त्रिया घरात बसून असतात, त्यामुळे अंग जड होतं, रोज निदान अर्धा तास तरी चालावं, असं तो म्हणाला. त्या दिवशी सकाळी माझ्या विहिरीच्या चार खेपा झाल्या होत्या. माझ्या शेजारी बसलेली माझी जाऊ रानातून लाकडाचा भारा टाकून तशीच आली होती. ती माझ्या कानाशी लागली, “अर्धाच तास? मग बाकीचा दिवस काय करायचं गं?”

बायकांसाठी तीन खेळ होते. चमच्यात लिंबू ठेवून तो चमचा दातात धरायचा आणि चालायचं, हा पहिला. माझ्या सासूने ते बघितलं आणि आम्हा दोघींना हाताला धरून मागे ओढलं. “तोंडाशी लिंबू धरून कोन चालतं? कुनाची तरी करनी असंल.” दुसरा खेळ खुर्च्यांचा होता. आमच्या घरात एकच खुर्ची होती, ती सासऱ्यांची, त्यामुळे खुर्चीसाठी झटायची सवय आम्हाला नव्हती. तिसरा खेळ पळायचा. त्यात पहिली येईल तिला कारखान्याच्या बसमध्ये दोन जागा, अलिबागला समुद्र बघायला.

त्या दोन जागांसाठी मी पळाले, हौस म्हणून नाही. मी चौथीपर्यंत शिकले. ‘आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे’ हे वाक्य मी इतकं पाठ केलं होतं, की मास्तरांनी मला उभं करून वर्गाला ऐकवायला लावलं होतं. मास्तरांनी तरी समुद्र बघितला होता की नाही कोण जाणे. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. समुद्रातल्या किल्ल्यावरून नाव पडलेल्या जिल्ह्यात मी पंचवीस वर्षं काढली, दोन पोरं झाली, आणि बघितलं काय, तर डोंगर. मुंबईची माणसं आमच्याकडे हवा खायला यायची. आम्हाला पाणी दाखवायला न्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

घरात मी हळूच विषय काढला. सासरे म्हणाले, “सुना पळत नसतात.” नवरा म्हणाला, “आबा म्हनतील तसं.” त्याचं बहुतेक बोलणं या तीन शब्दांतच आटपायचं. मग मी कुणाला विचारलं नाही. सासूला मात्र सगळं कळायचं. खेळाच्या दिवशी मी निघाले तर ती चुलीपुढून म्हणाली, “कासोटा घट घाल. पडलीस तर घरी येऊ नको.”

फक्कीची रेघ मारली होती. आम्ही नऊ जणी उभ्या राहिलो. कारखान्याच्या कॉलनीतल्या चार बायका चपला घालून होत्या, आणि शेतात भाताची धसकटं टोचत होती. चप्पल धसकटात अडकते, पाय अडकत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. बांधावरून वाडीतली एक ठाकरीण डोक्यावर मोळी घेऊन चालली होती. ती थांबली आणि तिने मला विचारलं, “मागं काय लागलंय गं तुमच्या?” मी म्हटलं, “काय नाय, पुढं समुद्र हाय.” तिने पश्चिमेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली.

शिट्टी झाली आणि मी पळाले. पहिली आले. कल्याणसाहेबाने वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘जोडी एक’.

आमच्या गावात त्या दिवशी एक कासार आला होता. बांगड्या भरायला तो आमच्या गावापासून थेट नेरळपर्यंत फिरायचा, आणि माझं माहेर नेरळकडचं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या वडिलांच्या ओटीवर पेटी टेकून म्हणाला, “तुमची लेक पळाली काल. आख्ख्या गावानं बघितली.” पुढे तो बरंच काही सांगणार होता. पण ओटीवर ऐकायला कुणी राहिलंच नाही. वडील काठी घेऊन स्टेशनाच्या वाटेला लागले होते.

कर्जतला गाडी बदलून ते खोपोलीला उतरले आणि तिथून तरातरा चालत आले. मी परसात शेण्या थापत होते. पुढच्या अंगणातून आवाज आला म्हणून कुडाआडून बघितलं. वडील अंगणात उभे, आणि सासू उंबऱ्यात.

“इहीणबाई, कधी पळाली?”

“काल दुपारी,” सासू म्हणाली.

“कुनासंगं?”

“आठ जनींसंगं. पयली आली.”

वडिलांना काही कळेना. “आठ जनी? मंग आता हाय कुठं?”

“मागं शेण्या थापतेय. बोलावू?”

वडील मटकन ओटीवर बसले. मला बघून त्यांना बरं वाटलं असेल, पण तसं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “पळायची गरज काय व्हती?” सासरे आतून आले. म्हणाले, “इवाई, मी पन तेच सांगत व्हतो.” मग चहा झाला. एक जण अब्रू वाचवायला धावत आला होता, दुसरा ती आधीपासून राखून बसला होता. दोघांचं चांगलं जमलं. पोरीचं नाव आता नेरळपर्यंत गेलंय, तेव्हा परक्या माणसांत बसमधून तिला पाठवणं बरं नाही, असं ठरलं. मी दाराशीच उभी होते, पण मला कुणी विचारलं नाही. नवरा भिंतीकडे बघत होता. भिंत चांगली दिसत होती, मीच सारवली होती.

“पन जागा दोन हायत,” सासरे म्हणाले.

“वाया घालवायच्या?” वडील म्हणाले.

आणि ते दोघे गेले. खरंच गेले. सासू म्हणाली, “पळाली ती, आनि बसनार तुमी?” सासरे म्हणाले, “तुला काय कळतं?” जोडी एक म्हणून नाव पुकारलं तेव्हा धोतरं सावरत दोघे व्याही एका बाकड्यावर जाऊन बसले. कल्याणसाहेबाने वही दोनदा बघितली म्हणे. वाळूत खुर्च्यांचा खेळ झाला, त्यात माझे वडील शेवटपर्यंत टिकले. हे आम्ही महिनाभर ऐकलं.

आल्यावर मी विचारलं, “समुद्र कसा हाय?”

“मोठा हाय,” सासरे म्हणाले.

“पानी खारट हाय,” वडील म्हणाले. त्यांनी खात्री करायला ओंजळभर पिऊन बघितलं होतं.

पुढच्या वर्षी भातं झोडून झाली, शेतात पुन्हा बांबू रोवले गेले, आणि सासरे आपण होऊन मला म्हणाले, “सूनबाई, औंदा पळनार ना?” मी म्हटलं, “तुमी म्हनाल तसं.” वडील आदल्या दिवशीच मुक्कामाला आले, काठी न घेता. त्यांनी नवी टोपी आणली होती. खेळाला दोघे सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले.

शिट्टी झाली. बाकीच्या सुटल्या. मी चालले.

डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेतात भाकरी घेऊन जावं तशी चालले. पहिल्यांदा सासऱ्यांना वाटलं, पायात काटा गेला. मग ते उभे राहिले. “पळ गं,” ते ओरडले. वडील म्हणाले, “अगं पळ, पळ की.” बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. जितकं ते ओरडले तितकी मी सावकाश चालले. मी पलीकडच्या रेघेपाशी पोचले तेव्हा खुर्च्या आवरायला सुरुवात झाली होती. कल्याणसाहेबाने विचारलं, “बाई, बरं नाही का?” मी म्हटलं, “बरं हाय की.”

घरी जाताना सासरे माझ्याशी बोलले नाहीत. वडील नवी टोपी घालून संध्याकाळच्या गाडीने नेरळला गेले. मला समुद्र दिसायला अजून बरीच वर्षं लागली, तोवर जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं होतं. त्या वर्षी कारखान्याच्या चाळीतली एक बाई पहिली आली. तिचा सासरा वारला होता आणि वडील लांब घाटावर होते, म्हणून तिला स्वतःला जाता आलं.