दाखवा सिस्टर

कुठल्याही म्हाताऱ्या पेशंटला परब सिस्टरांनी "जमतं का?" असं कधी विचारलं नाही. त्या म्हणायच्या, "दाखवा." शर्टाची बटणं लावून दाखवा, पेला उचलून दाखवा, खाटेवरून उठून दाखवा. अख्खा वॉर्ड त्यांना मागून 'दाखवा सिस्टर' म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं.

मी तेव्हा नवी नर्स. खुब्याचं ऑपरेशन झालेले कांजूरमार्गचे एक काका दुसऱ्या दिवशी घरी जाणार होते. पेशंट स्वतःचं काय काय करू शकतो, त्याचा फॉर्म मी भरत होते. आंघोळ, कपडे, जेवण, संडास. काका प्रत्येकाला "एकदम झकास" म्हणत गेले आणि मी "हो" लिहीत गेले.

सिस्टरांनी फॉर्म बघितला आणि बाजूला ठेवला. "काका, घरी संडास कसा आहे?"

"चाळीचा. खाली बसायचा."

सिस्टरांनी एक बुटकं स्टूल आणलं. "यावर बसून उठून दाखवा."

काका बसले. उठता येईना. दोनदा जोर लावला, मग तसेच बसून राहिले. डोळे भरून आले. "पोरीला नका सांगू, सिस्टर. साकीनाक्याला कामाला जाते. माझ्यापायी नोकरी सोडील ती."

"सांगणार. पण तुमच्यासमोर," सिस्टर म्हणाल्या आणि खाली त्यांच्या शेजारी बसल्या.

संध्याकाळी मुलगी आली. तिघं तासभर बोलत होती. ठरलं ते असं: आणखी आठवडाभर वॉर्डात सराव, घरी कमोडची खुर्ची, दुपारी शेजारच्या काकूंची फेरी. मुलीची नोकरी टिकली.

मला मात्र राग आला होता. "म्हाताऱ्या माणसाला असं रडवायचं कशाला?" मी विचारलंच.

सिस्टरांनी बाजूला ठेवलेला फॉर्म उचलला. "वाकोल्याच्या एका आजींच्या 'हो'वर मी सही केली होती. चौथ्या दिवशी मोरीत पडून परत आल्या. मग घरी गेल्याच नाहीत." फॉर्म माझ्या हातात देत म्हणाल्या, "खोटं नाही गं बोलत ही माणसं. लाजतात."

निवृत्तीनंतर त्या मुलुंडला मुलाकडे राहिल्या. आजारी असल्याचं मला कळलं, तेव्हा त्या वारल्या होत्या. घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांची सून म्हणाली, "आंघोळ आजारपणातही स्वतःच करायच्या. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. गेल्या सोमवारी सकाळी मला हाक मारली. 'आजपासून मला धरावं लागेल गं,' म्हणाल्या, आणि हात पुढे केला."