मटार सोलायला लावणाऱ्या कांबळेकाकू

कांबळेकाकूंकडे जावास्क्रिप्ट शिकायला गेलं की त्या आधी मटार सोलायला बसवायच्या. संगणक बंद, समोर टोपली, मांडीवर ताट. लखनऊच्या थंडीत मटारला काय तोटा! पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, बाई हुशार आहेत, फुकटात भाजी सोलून घेतायत.

काकू मूळच्या नागपूरच्या. सरकारी खात्यात संगणकावर उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर लखनऊच्या महानगर भागातच राहिल्या. एकदा भाजीवाल्याला गोड आवाजात "भैया, ज़रा ठीक से लगाओ" म्हणून झाल्यावर त्या "मेला लुच्चा" असं पुटपुटल्या, आणि शेजारी उभी असलेली मी फिस्सकन हसले. तिथेच ओळख झाली.

माझे यजमान फौजेत, आम्ही छावणीत राहायचो. दर बदलीला माझी नोकरी सुटायची. चार वेळा सुटली. आता घरून करता येईल, बदलीबरोबर सोबत येईल असं काम हवं होतं, आणि एका कंपनीची परीक्षा महिन्यावर आली होती. घोडं अडलं होतं लूपवर. एकच काम पुन्हा पुन्हा करायला सांगायचं, एवढंच ते. पण माझा लूप थांबायचाच नाही आणि अख्खं पान गोठायचं.

"सोल," काकू म्हणाल्या. "टोपलीत शेंगा आहेत तोवर सोलायचं. हा तुझा लूप."

मी एक शेंग सोलली, काकूंनी टोपलीत नवी टाकली. दुसरी सोलली, त्यांनी आणखी एक टाकली. पाच मिनिटांत माझं डोकं फिरलं. "अहो काकू, अशाने संपणार कधी?"

"हाँ, आत्ता कशी बोललीस! तूही हेच करतेस यार. टोपली रिकामी होईपर्यंत कर म्हणतेस आणि ती रिकामी होऊच देत नाहीस. थांबायचं कुठे ते आधी ठरव. मग दर फेरीला त्याच्या जवळ जातेयस का ते बघ."

परीक्षा ऑनलाइन होती. दोन परीक्षक पडद्यावरून बघत होते. मी लूप लिहिला, चालवला, आणि पान गोठलं. गेली हीसुद्धा, वाटलं. आणि तोंडातून मोठ्याने निघालं, "अगं बाई, टोपली रिकामी होतेय का?"

"मैम, कौन सी टोकरी?" एकाने विचारलं.

मोजणारा आकडा वाढवायची ओळच मी विसरले होते. ती घातली आणि सगळं सुरळीत चाललं. मग त्या दोघांना टोपलीही समजावली. दोघंही पोट धरून हसले. नोकरी मिळाली!

काकूंना सांगायला धावत गेले, तर म्हणाल्या, "अच्छा केलंस. बस, आज निमोना करतेय, मटार सोल."

पुढे बदलीचा हुकूम आला. या वेळी नोकरी सुटली नाही, काकू सुटल्या. निघताना माझ्या डोळ्यांना धार लागली, तर त्यांनी पाठीत धपाटा घातला. "रडतेस काय वेडे? दर रविवारी फोन करीन. तू कुणाला तरी लूप शिकवलास की माझे फोन बंद. थांबायची अट आधीच सांगून ठेवते."

नव्या छावणीतल्या तिघींना मी आजवर मटार सोलायला लावून लूप शिकवलाय. तरी रविवारी काकूंनी विचारलं, "काय गं, शिकवलंस का कुणाला?" की मी बिनदिक्कत सांगते, "छे हो काकू, वेळच मिळत नाही."

परवा नेमकी तेव्हाच मागून त्यातली एक ओरडली, "दीदी, टोकरी खाली हो गई!"

मी जीभ चावली.

"बरं," पलीकडून काकू म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी विचारते."