जगनदादाची वही

जगनदादा माझा थोरला भाऊ. डोंबिवलीच्या एमआयडीसीत बावीस वर्षं टर्नर होता. कंपनी बंद पडली तेव्हा सत्तेचाळीसचा. घरी बसवेना, म्हणून स्टेशनजवळच्या क्लासात कॉम्प्युटर नेटवर्किंगला नाव घातलं. शिकवणारी ऋजुता त्याच्या मुलीच्या वयाची. दादाने वहीत आधी ‘श्री’ काढलं आणि खाली लिहिलं, ‘विंडोजला आयपीकॉन्फिग, लिनक्सला आयपी ए. विचारायचं एकच, मशीनचा नंबर काय.’

वर्तकनगरच्या एका रक्ततपासणीच्या लॅबने त्याला तीन महिने बघू म्हणून घेतलं. नीट चाललं तर कायम. काउंटरवर आठ विंडोजचे कॉम्प्युटर, आत एक लिनक्सचा, त्यात सगळे रिपोर्ट. दादाने एकट्याने जोडले.

अडीच महिन्यांनी खंडेनवमी आली. मीच म्हटलं, “दादा, बाबा लेथ बंद ठेवून पूजा करायचे. तुझी आता हीच हत्यारं.” हळदकुंकू, झेंडू मीच बांधून दिला. त्याने संध्याकाळी सगळी मशीनं बंद केली, राउटरसुद्धा, आणि मनापासून पूजा केली.

दसऱ्याची सुट्टी संपवून चालू केलं, तर एकाही काउंटरवर रिपोर्ट उघडेना. पेशंटची रांग दारापर्यंत. दादा आठही मशीनच्या वायरी काढत-घालत बसला. मॅनेजर कमलेश म्हणाला, “काका, पूजा जोरात झाली ना? आता देवीलाच सांगा प्रिंट काढायला.”

दोन तासांनी दादाने ऋजुताला फोन लावला.

“काका, लिनक्सवर नंबर बघितलात?”

बघितला, तर वेगळाच. राउटर बंद होऊन चालू झाला, आणि त्याने सगळ्यांना नवे नंबर वाटले. काउंटरवरची मशीनं मात्र रिपोर्ट जुन्याच नंबरावर शोधत होती. रिपोर्टच्या मशीनचा नंबर कायम करून ठेवायचा असतो, तो दादाने केलाच नव्हता. मशीन कधी बंद झालं नव्हतं, म्हणून इतके दिवस निभावलेलं.

“दुसऱ्याच आठवड्यात शिकवलेलं, काका,” ती हळूच म्हणाली.

पाच मिनिटांत सुरू झालं. पण महिनाअखेरीस त्याला येऊ नका म्हणून सांगितलं.

आता तो बाळकुमला एका कॉम्प्लेक्सच्या गेटवर बसतो. पूजेबद्दल मला कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

यंदा खंडेनवमीला मी त्याची वही पाटावर मांडली. शेवटच्या पानावर लिहिलेलं, ‘नंबर कायम करणे. बंद करून परत चालू करून बघणे.’ कुंकवात बोट बुडवलं, तेवढ्यात तो म्हणाला, “राहू दे सुमे. वापरातल्या वस्तूची पूजा करतात.”

वही उचलून त्याने तिथे खिशातली शिट्टी ठेवली.